पाटाचा उतार आणि मी

आधी माझ्या दोन्ही तोंडांवरचे अंगठे काढा. हं, आता बोलता येईल.

मी देवीलाल मिस्त्रीचा लेव्हल पाइप. ज्यांनी घर बांधलंय त्यांनी मला पाहिलं असणारच, फक्त लक्ष दिलं नसेल. बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी, लांबी पन्नास फूट. पोटात पाणी भरलं की मी कामाचा. पाणी नसलं की मी दोरी.

माझं काम सांगायला सोपं आहे. एक टोक मिस्त्री धरतो, दुसरं त्याचा जोडीदार, आणि मधला मी मातीत लोळत पडतो. दोघांनी टोकं वर धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत येऊन थांबतं. तिथे पेन्सिलीनं खूण करायची, की झालं. टोकं नेताना पाणी सांडू नये म्हणून तोंडावर अंगठा दाबून ठेवतात, आणि मोजताना तो काढतात. यात माझं कर्तृत्व काही नाही. समान कुठे थांबायचं हे पाण्याला कळतं, मी त्याला फक्त राहायला जागा देतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते आर्णीचं हार्डवेअरचं दुकान. तिथे मी भल्यामोठ्या वेटोळ्यात होतो. शेजारचा एक तुकडा कूलरला गेला, एक फवारणीच्या पंपाला. मग तांड्यावरचे देवीलाल मिस्त्री आले. त्यांनी मला उजेडाकडे धरून आरपार पाहिलं, एका टोकानं फुंकर मारली आणि दुसऱ्या टोकावर तळहात धरला.

"फुटका तं नाई ना?"

"मिस्त्री, नवा हाय. फुटन कायले?" दुकानदार म्हणाला.

तरी मिस्त्रींनी पुन्हा एकदा फुंकून पाहिलं. तेव्हाच मला कळलं की आपण चांगल्या हातात पडलो.

पुढची पंधरा वर्षं मी आमच्या कवठाळी गावातली आणि आजूबाजूची निम्मी घरं सरळ केली. माणसांबद्दल जे काही शिकलो ते तिथेच. सगळ्यांना घर लेव्हलमध्ये हवं असतं, फक्त आपलं थोडं वर. दोन भावांची घरं एका भिंतीला भिंत लावून चालली होती. थोरला हळूच मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हणाला, "बरोब्बर लेव्हलमधी घ्या, फक्त माहा ओटा दोन बोटं वर ठेवा." तासाभरानं धाकटाही तेच सांगून गेला. मिस्त्रींनी दोघांनाही "हो" म्हटलं आणि ओटे माझ्या खुणेवरच बांधले. दोघंही आजवर समाधानी आहेत. एका घरात मात्र मालकानं "कायले पाइप, मले डोळ्यानं दिसते" म्हणून मला पिशवीतून काढूच दिलं नाही. त्या घरात अजूनही कोणी आंघोळ केली की स्वयंपाकघरातल्या चपला तरंगतात.

खोट माझ्यातही आहे, लपवत नाही. पोटात हवेचा बुडबुडा राहिला की मी चुकीचं सांगतो. म्हणून मिस्त्री पाणी भरलं की मला टिचक्या मारत मारत बुडबुडे हाकलून देत. माणसांनाही अशा टिचक्या मारता आल्या असत्या तर बरं झालं असतं, पण माणसं चिडतात.

मग लाल उजेड फेकणारं यंत्र आलं. तिपाईवर ठेवलं, बटण दाबलं, की चारी भिंतींवर लाल रेघ. मिस्त्रींनी ते घेतलं आणि मी गोठ्यातल्या खिळ्यावर गेलो. पहिल्यांदा वाईट वाटलं. नंतर रागही आला, कारण मला रिकामं बसूही देईनात. मिस्त्रींच्या पुतण्यानं माझ्यातून मोटारसायकलचं पेट्रोल ओढलं. त्या वासानं मला महिनाभर मळमळत होतं. मिस्त्रींच्या बायकोनं माझ्यावर गोधड्या वाळत घातल्या. शेळीनं एक टोक चघळलं, म्हणून दोन फूट कापून टाकावे लागले आणि पन्नास फुटांचा मी अठ्ठेचाळीस उरलो. शेवटी तुराट्यांचे भारे बांधायचं काम माझ्याकडे आलं. पाण्याची पातळी सांगणारा मी, आता भाऱ्याची गाठ सांभाळत होतो.

त्याच दिवसांत गावानं पाट साफ करायचं मनावर घेतलं.

आमच्या गावाला धरणाचा पाट आहे. म्हणजे होता. मोठ्या कालव्याच्या दारापासून सुटतो आणि सव्वादोन किलोमीटर शेताशेतांतून जाऊन संपतो. पाट संपतो त्या टोकाला इकडे सगळे टेल म्हणतात. बावीस वर्षांत त्यात पाणी आलं नव्हतं. दोष कोणा एकाचा नव्हता. कोणी त्यात कपाशीची वाळकी पऱ्हाटी टाकली, कोणी बैलगाडी उतरवायला रस्ता केला, कोणी काठ थोडा आपल्या शेतात घेतला. उरलेली जागा बेशरमीच्या झुडपांनी आणि बाभळींनी भरून काढली. पाट कुठे आहे हे विचारलं तर म्हातारी माणसंच सांगू शकत.

गावाला श्रमदानाची सवय होती. चार वर्षांपूर्वी पाणी जिरवण्याच्या स्पर्धेत आमच्या गावानं तालुक्यात दुसरा नंबर मिळवला होता. चर खणले, शेततळी खणली, सगळ्यांच्या हाताला घट्टे पडले. त्या स्पर्धेत गाव एक गोष्ट फार छान शिकलं: जितकं खोल खणाल तितकं पाणी मुरेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनंच घोटाळा केला.

पाट समितीचे अध्यक्ष झाले वामनराव. हे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. यवतमाळात आयुष्य काढून गावी शेती करायला परतलेले. मनानं अतिशय सज्जन, पण कागदावर आलं नाही ते घडलंच नाही असं मानणारे. त्यांनी पाटाचा नकाशा काढला, घरटी सत्तर हात असे तुकडे पाडले, आणि ज्याचं शेत जिथे त्याचा तुकडा तिथे अशी यादी देवळाच्या भिंतीला चिकटवली.

देवीलाल मिस्त्रीही तांड्यावरची माणसं घेऊन आले. त्यांच्या मोटारसायकलला फावडी, टिकास, घमेली बांधलेली असत, आणि बांधलेली असत ती माझ्यानं. म्हणून मी रोज पाटावर हजर होतो.

सोयाबीन निघालं आणि काम सुरू झालं. खरं सांगतो, ते दिवस बघण्यासारखे होते. सकाळी सात वाजता बाया, माणसं, शाळेतली मुलं, सगळी पाटात उतरलेली. कोणी पोह्यांची कढई आणायचं, कोणी चहाचं पातेलं. बेशरमीची मुळं निघता निघेनात तेव्हा शिव्याही एकदिलानं दिल्या गेल्या.

त्यात सगळ्यांत जास्त राबल्या त्या वच्छलाबाई. त्यांचं दोन एकर रान अगदी टेलला. विहीर आहे, पण माघ लागला की तिच्यात बादली आपटते. म्हणून त्या दर वर्षी पावसाळ्यानंतर रान पडीक ठेवत. त्यांनी आपले सत्तर हात आठवड्यात संपवले आणि मग दुसऱ्यांच्या तुकड्यांत उतरल्या. पाणी टेलला यायचं तर ते आधी सगळ्यांच्या दारावरून जायला हवं, एवढं साधं गणित त्यांना कळत होतं. यंदा त्यांनी पहिल्यांदा गहू पेरला. समितीच्या बैठकीत वामनरावांनी स्वतः सांगितलं होतं, "पेरा वैनी, बिनघोर पेरा. डिसेंबरात पानी तुमच्या शेताच्या धुऱ्यावर राहीन." विहिरीचं होतं तेवढं पाणी देऊन त्यांनी गहू उगवून आणला. पुढचं पाणी पाटाचंच असणार होतं. बाईंनी शब्दावर गहू पेरला होता.

आणि इथे गाव स्पर्धेत शिकलेलं विसरलं नाही, हीच पंचाईत झाली. एकानं दोन हात खणलं की शेजारी अडीच हात खणायचा. वामनराव तर अध्यक्ष. त्यांच्या तुकड्यात त्यांनी काळी माती फोडली आणि खालचा पिवळा मुरूम लागेपर्यंत थांबले नाहीत. मुरूम दिसला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले आणि मुरमात उभं राहून फोटो काढून घेतला. निघालेली काळी माती सोन्यासारखी होती. ती त्यांनी आपल्या शेतात पसरून तिच्यावर हरभरा पेरला. इतरांनीही आपापली माती आपापल्या शेतात नेली. माती काठावर कोणीच ठेवली नाही.

वच्छलाबाईंनी काठावरून पाहिलं आणि विचारलं, "भाऊजी, पाट खंदून राह्यले का हीर?"

"वैनी, खोल असलं म्हंजे पानी जास्त मावते," वामनराव हसून म्हणाले. "तुम्ही पाहा तं खरं."

आणखी एक गंमत झाली. प्रत्येकजण आपला तुकडा शेजाऱ्याच्या हद्दीच्या हातभर अलीकडे थांबवायचा. शेताचा धुरा, म्हणजे हद्दीची कड, कोरला म्हणून इकडे भावाभावांत बोलणं बंद होतं, त्यामुळे हद्दीजवळ फावडं नेताना हात आपोआप आखडतो. परिणाम असा की दर सत्तर हातांवर मातीचा एकेक बांध तसाच उभा राहिला. तो कोणाच्याच यादीत नव्हता. मी फावड्यांच्या दांड्याभोवती आवळलेला, हे सगळं बघत होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण दोरीला कोण विचारतो?

डिसेंबरात एका सोमवारी पाणी सुटलं. पाळी आठ दिवसांची होती, पुढच्या सोमवारी संध्याकाळी दार बंद होणार होतं. दारावर नेमलेल्या बाबूसिंगनं चाक फिरवलं. नारळ फुटला, हळदीकुंकू वाहिलं गेलं. फेस, काटक्या आणि एक जुनी चप्पल पुढे घालून पाणी पाटात शिरलं. वामनरावांनी त्या दिवशी इस्त्रीची टोपी घातली होती. लोक पाण्याबरोबर काठानं पळत होते. 

पाण्यानं पहिला तुकडा भरला, मग ते बांधावरून सांडलं, दुसऱ्यात शिरलं. मग तिसरा. सगळं सावकाश, पण चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वामनरावांच्या तुकड्यात पोचलं आणि तिथेच बसलं. एका बाजूनं येत होतं आणि मुरमात उतरत होतं. बुधवारी तेवढंच. गुरुवारी सकाळीही तेवढंच. पाणी जिरवायची जी विद्या गाव शिकलं होतं ती पूर्ण यशस्वी झाली होती. फक्त इथे जिरवायचं नव्हतं, चालवायचं होतं.

वच्छलाबाई रोज सकाळी टेलपासून वर चालत यायच्या आणि पाण्याच्या कडेला एक काडी रोवायच्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघायच्या. काडी तिथेच, पाणी तिथेच.

गावात कारणांचा सुकाळ झाला. कोणी म्हणालं, वरच्या गावचे लोक पाणी चोरतात, म्हणून दोघांना पहाऱ्यावर धाडलं. कोणी म्हणालं, खेकड्यांनी बिळं पाडली. कोणी म्हणालं, नारळ नासका निघाला होता. वामनरावांनी पाळी चार दिवस वाढवून मिळावी म्हणून तीन पानी अर्ज लिहिला. अर्ज सुंदर होता. पाणी मात्र अर्ज वाचत नाही.

गुरुवारी वच्छलाबाई काठावर बसूनच राहिल्या. देवीलाल मिस्त्री तिथे फावडी सोडायला आले आणि त्यांनी माझी गाठ उकलली. बाईंची नजर माझ्यावर पडली.

"मिस्त्री, माह्या घराचा ओटा काढला तो पाइप हाच का?"

"हो, माय. आता दोरी झाला हा."

"मंग ह्यालेच विचारा ना, पानी काहून जाऊन नाई राह्यलं ते."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. यंत्र घरी होतं, पण उन्हात त्याची लाल रेघ दिसत नाही, आणि दोन किलोमीटर पाटावर ती फेकणार कुठे? त्यांनी मला सोडलं, झटकलं, हुंगलं. पेट्रोलचा वास त्यांनाही आला. मग पाटातलंच पाणी माझ्यात ओढून घेतलं. किती वर्षांनी पोटात पाणी गेलं म्हणून सांगू! टिचक्या बसल्या, बुडबुडे निघाले. मी पुन्हा लेव्हल पाइप झालो, आणि मला रडू आलं. ते कोणाला दिसलं नाही, कारण आधीच ओला होतो.

एक टोक मिस्त्रींनी घेतलं, दुसरं वच्छलाबाईंनी. बाबूसिंगच्या दाराच्या उंबऱ्यापासून सुरुवात झाली. काठावर एक खुंटी, तिच्यावर माझ्या पाण्याची खूण, मग पुढची खुंटी, तिच्यावर त्याच पातळीची खूण. खुणेपासून खाली पाटाच्या तळापर्यंत काठी टाकून मोजायचं. खुणा सगळ्या एका पातळीत, म्हणून काठी जिथे जास्त खाली जाईल तिथे तळ खोल. वामनरावांच्या अलीकडच्या तुकड्यात काठी बाईंच्या कमरेएवढी खाली गेली. वामनरावांच्या तुकड्यात छातीएवढी. त्यांच्या पुढच्या कोरड्या तुकड्यात पुन्हा कमरेएवढीच. काठीवरचं माप सगळ्या गावानं पाहिलं.

वामनराव पुढे आले. "पाइप जुना झाला, मिस्त्री. हवा असन त्यात."

"मंग तुम्हीच धरा, साहेब."

त्यांनी एक टोक धरलं. दुसरं वच्छलाबाईंच्या हातात होतंच. सगळे डोळे लावून बघायला लागले. पण वामनरावांच्या टोकातलं पाणी हलेचना. त्यांच्या चेहऱ्यावर विजय दिसायला लागला.

"साहेब, अंगठा," मिस्त्री म्हणाले.

"कोनता अंगठा?"

"तुमचा. तोंडावर हाय. काढा."

वामनरावांनी अंगठा काढला. पाणी दोनदा वरखाली झालं आणि खुंटीवरच्या जुन्या खुणेला येऊन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. पाणी तिथेच होतं.

मी इतकी वर्षं माणसांची थट्टा करत आलोय, पण त्या वेळी मला त्यांची कीव आली. दोन महिने हा माणूस पहाटे उठून राबला होता. वाईट हेतूनं एक फावडंही मारलं नव्हतं. चूक कळली तेव्हा त्यांनी माझं टोक टाकून दिलं नाही, ते खुणेशी धरूनच वच्छलाबाईंकडे वळले.

"वैनी," ते म्हणाले, "आपन पाट नाई खंदला. टाके खंदले. आन् सबन गावानं माह्याच पाहून खंदले."

वच्छलाबाईंना बोलायचा पूर्ण अधिकार होता. त्या एवढंच म्हणाल्या, "माहा गहू कांडी धरून राह्यला, आता पानी पायजेच, भाऊजी. चार दिस हायेत. काय करायचं ते बोला."

मिस्त्रींनी सांगितलं. बांध काढायचे, खोल तुकडे काळ्या मातीनं भरून धुमसायचे, म्हणजे ठोकून घट्ट करायचे, आणि दारापासून टेलपर्यंत माझ्या प्रत्येक लांबीला अर्धं बोट उतार ठेवायचा. त्यासाठी दोन दिवस दार बंद ठेवावं लागणार होतं. पाळी मात्र सोमवारी संध्याकाळी संपणार ती संपणारच. आणि खरी अडचण दुसरीच होती. काळी माती आणायची कुठून? ती तर सगळ्यांच्या शेतात गेली होती, आणि तिच्यावर पीक उभं होतं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वामनराव आपल्या शेतात गेले, घोट्याएवढ्या हिरव्यागार हरभऱ्यात उभे राहिले आणि वाकून त्यांनी पहिली मूठ उपटली. त्यांची बायको रत्नप्रभाबाई धावत आल्या. मला वाटलं, आता रामायण होणार. त्या म्हणाल्या, "थांबा! अशे मातीत काहून टाकून राह्यले? शेंडे खुडू द्या आधी." आणि पदर खोचून त्या कोवळे शेंडे खुडायला बसल्या. चार बाया त्यांच्याबरोबर बसल्या. दोन दिवस अख्ख्या गावानं हरभऱ्याची भाजी आणि भाकर खाल्ली. वामनरावांचं पाहून इतरांनीही आपापली माती आणली. खोदताना जेवढी चढाओढ लागली होती तेवढी भरताना लागली नाही, पण काम तिप्पट झालं. स्वतः खणलेला खड्डा स्वतः बुजवताना माणूस गप्प असतो, त्याचा हा फायदा.

शुक्रवार आणि शनिवार मी एक क्षण जमिनीवर निवांत पडलो नाही. "मिस्त्री, पाइप इकडं आना", "मिस्त्री, आमचं पाहून द्या". ज्या गावानं माझ्यावर गोधड्या वाळवल्या ते गाव आता माझ्या पाण्याकडे श्वास रोखून बघत होतं. थोडा माज चढला मला, कबूल करतो. एकानं "आमचं बोटभर खोल राहू द्या ना" म्हणून पाहिलं. वामनरावांनीच त्याला झापलं.

रविवारी सकाळी बाबूसिंगनं पुन्हा दार उघडलं. नारळ नाही, टोपी नाही. पाणी आलं आणि वामनरावांच्या तुकड्यात शिरलं. सगळे थांबले. पाण्याचं तोंड धुमसलेल्या मातीवरून पुढे सरकत गेलं आणि हद्द ओलांडून पलीकडे उतरलं. बाया ओरडल्या. वामनरावांचं शेत पाटाला लागूनच होतं आणि उपटून उरलेला हरभरा सुकत होता. तरी त्यांनी पाटातून आपल्या शेतात पाणी घ्यायची मोरी पोतं कोंबून बंद केली आणि तिच्यावर खुर्ची टाकून बसले. वरच्या प्रत्येक शेतकऱ्याला त्यांनी एकच सांगितलं, "पयले टेल. मंग आपन."

मिस्त्रींनी मला वच्छलाबाईंच्या धुऱ्यावरच्या बोरीला टांगलं होतं. शेवटचं मोजमाप तिथेच झालं होतं. तिथून मला शेवट दिसला. सोमवारी ऊन कलल्यावर पाणी आलं. पुढे वाळकी पानं, मागे बोटभर खोल गढूळ पाणी. कोरड्या पाटाला पडलेल्या भेगांत ते थांबायचं, भेग भरायचं, पुढे निघायचं. वच्छलाबाई त्याच्या पुढे पुढे उलट्या चालत होत्या, नजर त्याच्यावरून न हलवता. ते त्यांच्या मोरीतून गव्हात शिरलं, एक वाफा भिजला, दुसरा भिजत होता, आणि त्यांचा फोन वाजला. बाबूसिंग होता.

"माय, टाइम झाला. दार बंद करून राह्यलो. माफ कर."

"कर बाबू. तुह्या हातात काय हाय?" बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. बाकीचं सगळं रान कोरडंच होतं. त्या बोरीखाली बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. एवढा वेळ त्या रडल्या नव्हत्या.

मला मात्र माहीत होतं. माझ्याच खुणांवर तो पाट उतरवला होता. वर दार बंद झालं म्हणून काय झालं? सव्वादोन किलोमीटर पाटात पाणी चालू होतंच, आणि आता त्यात बसायला कुठेही खड्डा उरला नव्हता. ते सगळं पाणी उतारानं खालीच येणार होतं. थोड्या वेळानं बाईंनी पदर बाजूला केला. मोरी वाहतच होती. त्या उठल्या आणि तिसऱ्या वाफ्यात पाणी वळवायला त्यांनी फावडं घेतलं.

मंगळवारी सकाळी वामनराव आले, काठानं नव्हे तर पाटातून. दारापासून टेलपर्यंत अनवाणी चालत, कुठे डबकं राहिलंय का ते बघत. एकही सापडलं नव्हतं. आपल्या तुकड्यातून चालतानाही त्यांचे पाय नुसते चिखलानं माखले, बुडाले नव्हते. ते वच्छलाबाईंच्या धुऱ्यावर उभे राहिले. गव्हाचं दोन एकर रान पलीकडच्या टोकापर्यंत काळंभोर ओलं झालं होतं आणि मोरीपाशी अजून वीतभर पाणी साचलेलं होतं.

मग वच्छलाबाईंनी त्यांच्या पायांकडे बघितलं. पाहुणा दारात आला की पाय धुवायला पाणी द्यायचं, ही रीत. पण गव्हासाठी विहीर उपसल्यापासून त्या शेतावर कोणी आलं तरी बाई नुसतं "बसा" म्हणत, कारण पाणी हंड्यानं आणावं लागे.

"पाय धुवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पानी हाय."

वामनराव वाकले. पाय धुवायला त्यांना बराच वेळ लागला.

मी अजून त्याच बोरीवर आहे. उन्हानं पिवळा पडलोय, एका ठिकाणी चीर आहे, पाणी आता अंधुक दिसतं. पुढची पाळी फेब्रुवारीत आहे. तोवर बहुधा माझं आयुष्य संपेल, आणि त्याचं फार दुःख नाही. आर्णीला नवा पाइप मिळतो. घेताना फुंकून बघा, पाणी भरल्यावर टिचक्या मारायला विसरू नका, आणि कृपा करून त्यातून पेट्रोल काढू नका. एवढं मात्र ऐका. पुढच्या वेळी पाट मोजाल तेव्हा सुरुवात दारापासून करू नका. टेलच्या शेतापासून करा.